ड्रमसंच, जुना : ओळख, खरेदी व डागडुजी

जॅझ, रॉक व पाश्चात्त्य नृत्यसंगीतातील ड्रमसंचांपैकी साधारणतः १९८० पूर्वीच्या संचांना वादक ‘व्हिंटेज’ म्हणतात. ही मर्यादा रूढीने ठरलेली आहे. अमेरिकेतील लुडविग, स्लिंगरलँड, ग्रेच व रॉजर्स आणि इंग्लंडमधील प्रीमियर ही त्यांतील प्रमुख नावे. येथे मुख्यतः शिकागोच्या लुडविग संचांचा विचार केला आहे. ते आजही मोठ्या संख्येने विक्रीस येतात आणि त्यांच्या कालनिश्चितीबद्दल मतभेदही पुष्कळ आहेत.

विल्यम व थिओबाल्ड लुडविग या बंधूंनी १९०९ मध्ये व्यवसाय सुरू केला. १९२९–३० च्या सुमारास तो कॉन या वाद्यनिर्मात्या कंपनीकडे गेला. विल्यम यांनी १९३७ मध्ये ‘डब्ल्यूएफएल’ या आपल्या आद्याक्षरांच्या नावाने नवा कारखाना काढला आणि १९५५ मध्ये लुडविग हे नाव परत विकत घेतले. त्यामुळे मधल्या काळातील अस्सल ड्रमवर ‘डब्ल्यूएफएल’ची पट्टी, म्हणजे निर्मात्याचे नाव असलेला धातूचा बिल्ला, असते. ती पाहून ड्रम नकली समजू नये. ९ फेब्रुवारी १९६४ रोजी ‘बीटल्स’चा ड्रमवादक रिंगो स्टार अमेरिकी दूरचित्रवाणीवर काळ्या ऑयस्टर पर्ल वेष्टनाच्या (ड्रमवर चिकटवलेल्या मोत्यासारख्या झाकेच्या प्लास्टिक आवरणाच्या) लुडविग संचावर वाजवताना सुमारे ७·३ कोटी प्रेक्षकांना दिसला. मागणी इतकी वाढली की कारखाना रात्रंदिवस चालू लागला. १९६४ ते १९६८ मधील संच आज विपुल मिळतात, ते यामुळेच.

कालनिश्चिती : ड्रमच्या धातूच्या पट्टीवर अनुक्रमांक येऊ लागले ते १९६३ च्या अखेरीस किंवा १९६४ च्या आरंभी. हे अंक आणि त्यांवरून साल सांगणारे तक्ते हाच वादाचा मुख्य विषय आहे. तक्त्यांवरून साल नेमके कळते, असे काही संग्राहक मानतात. इतरांच्या मते अंक छापलेल्या पट्ट्या पेटीत एकत्र पडलेल्या असत आणि कामगार हाताला येईल ती ठोकत असे. त्यामुळे एकाच दिवशी तयार झालेल्या दोन ड्रमच्या अंकांत हजारोंचा फरक पडू शकतो. हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते, कारण एकाच मालकाकडे प्रथमपासून असलेल्या संचांतही अंक क्रमाने लागत नाहीत. अंक जुळत नाहीत एवढ्यावरून चांगला संच नाकारणे ही नवख्या ग्राहकाची नेहमीची चूक होय.

तारखेचा शिक्का अधिक भरवशाचा. हेड, म्हणजे वाजवण्याचा पडदा, काढून शेलमध्ये, म्हणजे ढोलकी-पखवाजाच्या भाषेत खोडात, विजेरी धरली की राखाडी ठिपक्यांच्या रंगावर लाल शाईत महिना, दिवस व साल दिसते. तो कधी तिरका असतो, कधी निम्माच उमटलेला. ही तारीख शेलची समजावी. संच जुळवून दुकानात पोचला तो त्यानंतर. शिक्का नसेल तर आतला रंग पाहावा : १९६१–६२ पर्यंत पांढरा, त्यानंतर १९६८ च्या सुमारापर्यंत राखाडी ठिपक्यांचा, पुढे लाकूड दाखवणारे पारदर्शक लाखकाम. आतील कड्यांनी बळकट केलेली तीन थरांची शेल १९७६ च्या सुमारास मागे पडून सहा थरांची आली. पट्टीचा ‘कीस्टोन’, म्हणजे कमानीच्या मधल्या दगडासारखा, आकार १९६९–७० च्या सुमारास बदलला. तिची जागा निळ्या-हिरवट पट्टीने घेतली. मात्र कारखान्यात जुना माल संपेपर्यंत वापरला जाई, त्यामुळे एक-दोन वर्षांची सरमिसळ गृहीत धरावी.

खरेदी : भोकांकडे आधी पाहावे. नंतर पाडलेले एकही भोक किंमत उतरवते. बुजवले तरी ते आतून ओळखू येते. शेल सपाट काचेवर पालथी घालून आत दिवा लावावा. कडेखालून प्रकाशाची फट दिसली तर कड घासावी लागेल. व्यास तीन-चार ठिकाणी मोजल्यास शेल वाकडी झाली आहे का ते कळते. प्लास्टिकची हेड १९५७ च्या सुमारास आली. त्याआधीच्या काही शेल वासराच्या कातड्याच्या मापाच्या असून त्यांवर आजची हेड घट्ट बसतात किंवा बसतच नाहीत. क्रोम चढवलेल्या ‘सुप्राफोनिक’ स्नेअरला, म्हणजे तळाशी तारा असलेल्या ड्रमला, चुंबक चिकटत नाही. लगच्या (हेड ताणणारे स्क्रू ज्यांत बसतात त्या शेलवरील धातूच्या तुकड्याच्या) भोकाच्या कडेला पिवळा धातू दिसला तर तो १९६०–६३ च्या पितळी घडणीचा मानतात, नंतरचे ॲल्युमिनियमचे.

डागडुजी : प्रत्येक लग काढण्यापूर्वी छायाचित्र घ्यावे व त्याचे स्क्रू वेगळ्या पुडीत ठेवावेत. पोलादी हूपवरचा (हेड दाबून धरणाऱ्या कड्यावरचा) गंज पाण्यात भिजवलेल्या ॲल्युमिनियमच्या चुरगळलेल्या कागदाने उतरतो. ॲल्युमिनियमवरील क्रोमला पडलेले खड्डे मात्र जात नाहीत, आणि ते घासून वाढवू नयेत. मूळ वेष्टन पिवळट पडले तरी बदलू नये. सुटलेला सांधा चिकटवून दाबून ठेवावा. काही जुनी वेष्टने नायट्रोसेल्युलोजची असून लवकर पेट घेतात, तेव्हा गरम हवेचे यंत्र वापरू नये.

मुंबईच्या चित्रपट-ध्वनिमुद्रणात कावस लॉर्ड आणि त्यांचे पुत्र केर्सी व बुजी यांनी ड्रम व इतर तालवाद्ये रुजवली. किनारपट्टीच्या दमट हवेत क्रोम लवकर गंजते आणि थरांचा गोंद सुटतो. म्हणून इथला संच घेताना आतील कड्यांचे सांधे नखाने तपासावेत.