लेडीज डबा : पडदा, गर्दी आणि पहारा

रात्री साडेदहाची लोकल. अंधेरीला लेडीज डब्यातल्या चौघी-पाचजणी उतरल्या आणि डब्यात एकच बाई उरली, तर बऱ्याचदा तीही पुढच्या स्टेशनला उतरून धावत जनरल डबा गाठते. बायकांच्या सुरक्षिततेसाठी राखलेला डबा बायकांनाच नकोसा का होतो, हे समजायला जरा मागे जावे लागते.

मुळात हा डबा सुरक्षिततेपेक्षा मर्यादेच्या कल्पनेतून आला. 1890 च्या रेल्वे कायद्याने 1 जानेवारी 1891 पासून प्रत्येक प्रवासी गाडीत सर्वांत खालच्या वर्गाचा निदान एक कप्पा फक्त स्त्रियांसाठी राखणे बंधनकारक केले. गाडी 50 मैलांपलीकडे जाणार असेल, तर त्याला शौचकूपही हवे, असे कलम होते. परक्या पुरुषांशेजारी बसावे लागू नये, एवढाच तेव्हाचा विचार. 1989 च्या कायद्यानेही राखीव जागेची तरतूद पुढे चालवली आणि त्यात घुसणाऱ्या पुरुषाला 500 रुपयांपर्यंत दंड ठेवला. ती रक्कम आज वाचताना हसू येते.

मुंबईत बायका नोकरीला बाहेर पडल्या तसा प्रश्न बदलला. आता अडचण गर्दीची होती. 5 मे 1992 रोजी पश्चिम रेल्वेने चर्चगेट-बोरिवली लेडीज स्पेशल, म्हणजे फक्त बायकांसाठीची लोकल, सोडली. त्याच वर्षी मध्य रेल्वेवरही तशी गाडी आली. भाजी निवडणे, हळदीकुंकू, वाढदिवस, तिघींच्या बाकावरच्या चौथ्या सीटवरून भांडणे, सगळे या डब्यांत चालते. तिथे भीती फारशी नसते, कारण आजूबाजूला ओळखीचे चेहरे असतात. म्हणजे त्या डब्याला सुरक्षित करत होती ती गर्दीच. दारावरच्या पाटीचे त्यात फारसे काही नव्हते.

पण नुसत्या पाटीवर किंवा नुसत्या सोबतीवर विसंबता येत नाही, हे उघड झाले ते दोन घटनांनी. 1998 मध्ये एका तरुणीला गर्दुल्ल्याने चालत्या लोकलमधून ढकलले. तिने दोन्ही पाय गमावले. ऑगस्ट 2002 मध्ये बोरिवली लोकलमध्ये एका गतिमंद मुलीवर बलात्कार झाला. डब्यात इतर प्रवासी होते, पण बलात्कार करणाऱ्याला कुणी रोखले नाही. दुसऱ्या घटनेने शहर जास्त हादरले, आणि ते योग्यच होते: सोबत माणसे असली की आपण सुरक्षित, हा मुंबईकराचा जुना भरवसाच तिथे मोडला. गाडी थांबवायच्या साखळीवर हात न जाण्यामागे घाबरटपणा असतो, तसा ‘विनाकारण ओढल्यास दंड’ या सूचनेचा धाकही असावा, असे मला वाटते.

त्यानंतर भर पहाऱ्यावर आला. रात्री लेडीज डब्यात लोहमार्ग पोलीस दिसू लागले, 2015 पासून कॅमेरे बसू लागले, मग गार्डशी बोलता येणारे टॉकबॅक बटण आले. पूर्वीचा 182 हा सुरक्षा क्रमांक 2021 मध्ये 139 या रेल्वेच्या हेल्पलाइनमध्ये विलीन झाला. पोलीस बसलेला डबा बायका लांबूनच ओळखतात आणि त्यातच चढतात. कॅमेरा पाहून डबा निवडणारी मात्र मला अजून भेटलेली नाही.

साध्या लोकलची खरी गोम तिच्या बांधणीतच आहे. दोन स्टेशनांमध्ये या डब्यातून त्या डब्यात जाता येत नाही. जी काही मिनिटे असतील ती तिथेच काढायची. 25 डिसेंबर 2017 रोजी पश्चिम रेल्वेवर पहिली एसी लोकल धावली. तिची दारे बंद होतात आणि डबे आतून एकमेकांना जोडलेले असतात, त्यामुळे उठून माणसांत जाऊन बसता येते. शेवटच्या गाडीने घरी निघालेलीच्या वाट्याला मात्र अजून बहुतेक साधी लोकलच येते.