हिवाळी टायर

हिवाळी टायर म्हणजे गारठ्यात कडक न होणाऱ्या रबराचा आणि बर्फ धरून ठेवणाऱ्या नक्षीचा टायर. फिनलंडमधल्या नोकिया गावच्या रबर कारखान्याने 1934 मध्ये ट्रकसाठी आणि 1936 मध्ये मोटारींसाठी असे टायर काढले. त्यांचा इतिहास सहसा तिथूनच सांगतात.

नव्या हिवाळी टायरवर नख फिरवले की केसासारख्या बारीक, नागमोडी चिरा लागतात. अंगठ्याने दाबले की त्या जराशा उघडतात. रस्त्यावर गाडीच्या भाराखाली हेच घडते. चिरांच्या कडा बर्फात रुततात आणि बर्फावरचे पाणी चिरांत शिरते. शून्य अंशाच्या आसपास बर्फ सर्वांत निसरडा असतो तो या पाण्यामुळेच. कडाक्याच्या थंडीत, उणे 20 अंशांना, त्यावर पकड उलट बरी मिळते. रुंद खाचांत बर्फ दाबून बसतो आणि रस्त्यावरच्या बर्फाला चिकटतो, कारण बर्फाची पकड बर्फावर चांगली बसते. रबरात सिलिका आणि नैसर्गिक रबराचे प्रमाण जास्त ठेवून ते मऊ राखलेले असते. पारा 7 अंशांखाली गेला की टायर बदला, असे सर्रास सांगितले जाते. हा आकडा ढोबळ आहे. कोरड्या रस्त्यावर 5 अंशांनाही चांगला उन्हाळी टायर नीट थांबतो. खरा फरक गोठलेले दहिवर, चिखलबर्फ (पाणी मिसळून मऊ झालेला बर्फ) आणि साचलेल्या बर्फावर पडतो.

म्हणून टायर घेण्याआधी आपला हिवाळा कोणता ते पाहावे. म्युनिक किंवा स्टुटगार्टमधला हिवाळा बहुतांशी ओला असतो आणि महामार्गावर वेगही मोठा असतो. तिथे मध्य युरोपीय घडणीचा टायर हवा. उत्तर स्वीडन किंवा फिनलंडमध्ये रस्ता महिनोन्महिने बर्फाच्या थराखाली राहतो. तिथे जास्त मऊ नॉर्डिक टायर किंवा धातूचे खिळे ठोकलेला टायर चालतो. हाच नॉर्डिक टायर म्युनिकच्या पावसात कमी पडतो. युरोपात मे 2021 पासून टायरच्या लेबलवर हिमपकड (भुसभुशीत हिमावरची पकड) आणि बर्फपकड (गोठून टणक झालेल्या बर्फावरची पकड) ही दोन वेगळी चिन्हे असतात. बर्फपकडीचे चिन्ह दिसले तर तो टायर उत्तरेकडच्या हिवाळ्यासाठीचा आहे, असे समजावे. खिळ्यांनी रस्ता झिजतो आणि धूळ उडते. जर्मनीने 1970 च्या दशकातच असे टायर बंद केले. जपानने 1990 मध्ये कायदा केला.

जर्मनीत ठरावीक तारखांची सक्ती नाही. रस्त्यावर बर्फ, चिखलबर्फ किंवा दहिवर असेल तर हिवाळी टायर हवेतच, नाहीतर 60 युरो दंड आणि चालकाच्या नावावर एक दंडगुण. लोक मात्र ‘ओ ते ओ’ पाळतात, म्हणजे ऑक्टोबर ते ओस्टर्न (ईस्टर). टायरच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असे चिन्ह असले पाहिजे. नुसते ‘एम प्लस एस’ (इंग्रजीत ‘मड अँड स्नो’, म्हणजे चिखल आणि बर्फ) आता पुरत नाही. ती अक्षरे लिहायला कसलीही चाचणी द्यावी लागत नाही, डोंगराच्या चिन्हासाठी मात्र बर्फावरची चाचणी पार करावी लागते. जुनी गाडी विकत घेणाऱ्याने हे चिन्ह वाकून स्वतः पाहावे. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात 1 डिसेंबर ते 15 मार्च सरळ सक्तीच आहे.

नक्षीची खोली कायद्याने 1.6 मिलिमीटर चालते, पण हिवाळ्यात 4 मिलिमीटरखाली भरवसा ठेवू नये. ऑस्ट्रियात तर तो कायदाच आहे. एक युरोच्या नाण्याची सोनेरी कड सुमारे 3 मिलिमीटर असते. नाणे खाचेत उभे घातल्यावर ती दिसू लागली तर टायर बदलायची वेळ झालीच आहे. बाजूवरच्या चार आकड्यांतून वय कळते: 3523 म्हणजे 2023 चा 35 वा आठवडा.

चारही चाके एकदमच बदलावीत. फक्त पुढे हिवाळी टायर लावले तर ब्रेकच्या वेळी मागची बाजू घसरून गाडी फिरते. चारही चाकांना ताकद देणारी गाडी बर्फातून निघायला मदत करते, पण थांबायला नाही. चढावर सहज गेलेली गाडी उतारावर दगा देते ती याच भ्रमामुळे. टायर बदलल्यावर 50 किलोमीटरने नट पुन्हा आवळून घ्यावेत. थंडीत हवेचा दाब उतरतो, तोही तपासावा. उतरवलेल्या चाकांवर खडूने पुढचे-मागचे, डावे-उजवे लिहून ठेवतात. घरात जागा नसेल तर टायरची दुकाने ती भाडे घेऊन सांभाळतात.

वर्षभर चालणारे टायर सपाट, कमी बर्फाच्या शहरात पुरेसे आहेत, डोंगराचे चिन्ह असेल तरच. आल्प्सच्या घाटात जाणाऱ्याने त्यांच्यावर विसंबू नये.

भारतात हिवाळी टायर क्वचितच दिसतात. डिसेंबरात पुण्या-मुंबईहून स्वतःची गाडी घेऊन मनालीला जाणाऱ्यांचे टायर आपल्या उष्ण हवेसाठी घडवलेले असतात. सोलांगच्या पुढे, अटल बोगद्याकडे, स्थानिक चालक चाकांना साखळ्या बांधतात. साखळी इंजिनची ताकद ज्या चाकांना मिळते त्यांनाच बांधायची, सावकाश चालवायचे आणि मोकळा डांबरी रस्ता लागला की ती काढायची. साखळी नसेल तर गाडी खालीच ठेवून स्थानिक टॅक्सीने वर जावे.