फ्रीमेसनच्या लॉजचं सभासद व्हायचं असेल तर: पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज

बेळगावात कुणाला ‘लॉज कुठं आहे?’ असं विचारलं, तर उलटा प्रश्न येतो, ‘रूम पायजे काय वो?’ म्हणून आधीच सांगतो, इथं लॉज म्हणजे उतरायची खोली नव्हे. फ्रीमेसन म्हणजे बंधुभाव आणि दानधर्म मानणाऱ्या एका जुन्या संघटनेचे सभासद, आणि त्यांच्या स्थानिक शाखेला लॉज म्हणतात. मेसन म्हणजे गवंडी. दगडी बांधकाम करणाऱ्या जुन्या कारागिरांची परंपरा ही मंडळी सांगतात, म्हणून कंपास, गुण्या, ओळंबा ही त्यांची चिन्हं. प्रत्यक्षात सभासदांत डॉक्टर, वकील, व्यापारी, निवृत्त अधिकारी असतात. थापी हातात धरलेला माणूस क्वचितच सापडेल.

बंद दार, दाराबाहेर तलवार घेऊन उभा राहणारा ‘टायलर’ आणि आतलं काही न बोलणारे सभासद, एवढ्यावरून लोकांनी पूर्वी या इमारतींना ‘जादूघर’ म्हटलं. आत जादूबिदू काही नसते. पाठ केलेले संवाद, एक प्रकारचं विधिनाट्य, हिशेब, देणग्यांची चर्चा आणि शेवटी जेवण. गुप्त असतात त्या ओळखीच्या खुणा आणि विधींचा काही भाग. संस्था कुठं आहे, तिचे पदाधिकारी कोण, हे लपवलेलं नसतं.

थोडा इतिहास सांगतो, कारण अर्ज कुणाकडं करायचा हे त्यावरून कळतं. २४ जून १७१७ रोजी लंडनमध्ये चार लॉज एकत्र आली आणि पहिलं ग्रँड लॉज, म्हणजे लॉजांची मध्यवर्ती संस्था, झालं. भारतात १७३० च्या सुमारास कलकत्त्यात लॉज सुरू झालं आणि मग पलटणींबरोबर हा प्रकार छावण्यांच्या गावांत पसरला. भारतीयांना सुरुवातीला दार बंदच होतं. मुंबईच्या माणेकजी कर्सेटजी या पारशी गृहस्थांना इथं प्रवेश मिळेना, तेव्हा ते पॅरिसला जाऊन मेसन झाले. पुढं १८४३ मध्ये डॉ. जेम्स बर्न्स यांच्या पुढाकारानं मुंबईत भारतीयांसाठी ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे लॉज निघालं. आजची मुख्य संस्था म्हणजे २४ नोव्हेंबर १९६१ रोजी स्थापन झालेलं ग्रँड लॉज ऑफ इंडिया. मुख्यालय दिल्लीत जनपथवर, आणि उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम असे चार विभाग. तुम्ही ज्या लॉजमध्ये जाणार त्याच्या विभागाचा फॉर्म भरायचा. लॉज खरोखर मान्यताप्राप्त आहे की नाही, हेही विभागीय कार्यालयाला विचारून घ्या.

पात्रतेचं पाहू. वय २१ पूर्ण हवं, आणि पुरुष हवा. ऑक्टोबर १८९२ मध्ये स्वामी विवेकानंद बेळगावात आले, वकील भाटे यांच्या घरी आणि नंतर हरिपद मित्र यांच्याकडं राहिले, ही गोष्ट आपल्याकडं शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. ते फ्रीमेसन होते, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. १९ फेब्रुवारी १८८४ रोजी कलकत्त्याच्या ‘अँकर अँड होप’ लॉजमध्ये नरेंद्रनाथ दत्त या नावानं त्यांची दीक्षा, म्हणजे प्रवेशाचा विधी, झाला. जन्म १२ जानेवारी १८६३ चा, म्हणजे एकविसावं सरून जेमतेम महिना झाला होता. मेसनच्या तिन्ही पदव्या, म्हणजे दीक्षेपासूनच्या तीन पायऱ्या, त्याच वर्षीच्या मे महिन्यापर्यंत उरकल्या.

दुसरी अट श्रद्धेची. धर्म कोणताही चालतो, पण एका परमशक्तीवर विश्वास आहे असं सांगावं लागतं, आणि शपथ आपापल्या धर्मग्रंथावर घेतात. भारतातल्या लॉजमध्ये गीता, कुराण, बायबल, गुरू ग्रंथसाहिब असे ग्रंथ एकाच ठिकाणी ठेवलेले दिसतात. नास्तिक असाल तर फॉर्म न भरणंच प्रामाणिकपणाचं. बेळगाव-खानापूर भागातल्या कॅथलिक वाचकांसाठी एक वेगळी सूचना: लॉजला तुमची हरकत नसते, चर्चला असते. १७३८ पासून पोपची बंदी आहे, आणि १९८३ व २०२३ मध्ये व्हॅटिकननं ती कायम असल्याचं सांगितलं आहे. ठरवायचं तुम्ही, पण कळून-सवरून ठरवा.

बायकांना ग्रँड लॉज ऑफ इंडियाच्या लॉजमध्ये सभासदत्व नाही. अ‍ॅनी बेझंट यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भारतात आणलेली को-मेसनरी स्त्री-पुरुष दोघांना घेते, पण ती वेगळी संस्था आहे आणि ग्रँड लॉज तिला मानत नाही.

तिसरी अट कुठल्या कागदावर दाखवता येत नाही, आणि आपल्या भागात तीच सगळ्यांत अवघड जावी. लॉजमध्ये राजकारण आणि धर्म यांवर वाद घालायचा नाही. चार मराठी माणसं जमली आणि सीमाप्रश्न निघाला नाही, असं बेळगावात कधी झालंय? तिथं शेजारच्या खुर्चीवर कन्नड भाषक वकील असेल, समोर महाराष्ट्र एकीकरण समितीचा जुना कार्यकर्ता असेल, आणि त्या खोलीत दोघं एकमेकांना ‘ब्रदर’ म्हणतील. बाहेर आल्यावर आपापलं मत आपल्यापाशी. हे जमणार नसेल तर पैसे वाचवा.

पैशांचंही बोलू. दीक्षेची फी, वार्षिक वर्गणी, एप्रन वगैरे साहित्य, काळा सूट, जेवणाची वर्गणी आणि दानपेटी. प्रत्येक लॉजचे आकडे वेगळे, म्हणून सचिवांकडून सगळं लेखी मागा. ‘घरसंसाराला तोशीस न लावता खर्च झेपेल का?’ हे तुम्हालाही विचारतात. कर्ज मिळेल, धंद्याला गिऱ्हाइकं मिळतील, वरच्या साहेबांशी ओळख होईल, या आशेनं येणाऱ्याला ही मंडळी लगेच ओळखतात. हेतू फायद्याचा नाही, असं लिहूनच द्यावं लागतं.

कागदपत्रं तशी थोडीच लागतात. भरलेला फॉर्म, पासपोर्ट आकाराचे फोटो, ओळख, वय आणि पत्त्याचा पुरावा, नोकरी-धंद्याची माहिती. सीमाभागातली खरी अडचण नावात येते. दहावीच्या दाखल्यावर आडनावाऐवजी इनिशियल, आधारवर पूर्ण नाव, पॅनवर तिसरंच. फॉर्मवर एकच नाव लिहा आणि सगळीकडं तेच ठेवा. जुन्या कागदावर ‘बेळगाव’ आणि १ नोव्हेंबर २०१४ नंतरच्या कागदावर ‘बेळगावी’ असेल तर घाबरू नका, नाव सरकारनंच बदललंय. चंदगडचा पत्ता आणि धंदा बेळगावात, असं असेल तर दोन्ही पत्ते स्पष्ट लिहा. पूर्वी दुसऱ्या लॉजमध्ये अर्ज केला असेल किंवा कधी कोर्टात शिक्षा झाली असेल तर लपवू नका. फॉर्मवर ते विचारतात, आणि नंतर उघडकीला आलं तर सगळंच मुसळ केरात.

फॉर्मवरची वजनदार गोष्ट म्हणजे सूचक आणि अनुमोदक यांच्या सह्या. आपल्याकडं याला चटकन वशिला म्हणतील, पण पतसंस्थेतल्या जामीनदारासारखं समजा. तुम्ही उद्या बेइमानी केलीत तर मान त्यांची खाली जाते. ओळखीचं कुणी मेसन नसेल तर सचिवांना पत्र लिहा, भेटा, दोन-चार महिने ओळख वाढू द्या. आमंत्रणाची वाट पाहत बसू नका. इच्छा आपणहून बोलून दाखवायची, अशी जुनी रीत आहे.

मग दोघं-तिघं येऊन बोलतात. अनेक ठिकाणी घरीच येतात आणि बायकोचं मतही विचारतात, कारण महिन्यातली एखादी संध्याकाळ जाणार ती तिच्या वाट्याची. इथं इंग्रजीची धास्ती वाटते अनेकांना. विधी बहुतेक इंग्रजीतच चालतात, पण शपथ तुकड्यातुकड्यानं मागून म्हणायची असते. अस्खलित बोलणं लागत नाही, पुढं मात्र पाठांतर लागतं.

यानंतर सभेत नाव वाचतात आणि पेटीत गोळ्या टाकून गुप्त मतदान होतं. पांढरी गोळी होकाराची, काळी नकाराची. किती काळ्या गोळ्यांनी अर्ज पडतो, हे त्या त्या लॉजच्या नियमांत असतं. नकार आला तर कारण सांगत नाहीत, आणि कुणाची गोळी काळी होती ते शोधत फिरू नये.

एक सावधगिरी. व्हॉट्सअ‍ॅपवर इल्युमिनाटी या गुप्त मंडळाच्या नावानं ‘इल्युमिनाटीत या, करोडपती व्हा, नोंदणी फी अमुक’ असले मेसेज येतात. खरं लॉज प्रत्यक्ष भेट, चौकशी आणि मतदान झाल्याशिवाय कुणाला घेत नाही, आणि श्रीमंत करायचं वचन देत नाही. असा मेसेज आला आणि पैसे गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन करा.

मतदानात पास झालात की तारीख कळवतात. गडद सूट, पांढरा शर्ट, वेळेच्या अर्धा तास आधी हजर. दीक्षेआधी अंगावरचा धातू आणि पैसे काढून ठेवावे लागतात, तेव्हा गळ्यातली चेन, बोटातल्या अंगठ्या आणि जाडजूड पाकीट त्या संध्याकाळी घरीच ठेवून या.