हसू सुंदर करणाऱ्या उपचारांची पार्श्वभूमी

ठाण्यात नौपाड्यापासून घोडबंदर रोडपर्यंत आणि पलीकडे वाशी, नेरूळ, खारघरच्या सेक्टरांमध्ये दातांच्या दवाखान्यांच्या पाट्यांवर ‘स्माइल डिझायनिंग’ हे शब्द आता सर्रास दिसतात. लग्न ठरलेली मुलं-मुली येतात, ऐरोली-महापेच्या आयटी कंपन्यांतली मंडळी येतात. आत गेलं की ब्लीचिंग, बाँडिंग, व्हिनिअर, कॅप, अलायनर अशी नावं कानावर पडतात आणि ती सगळी एकाच मापाची वाटू लागतात. खरं तर यातला प्रत्येक उपचार वेगळ्या अडचणीतून निघाला आहे. कोणत्या उपचारात स्वतःच्या दाताचा किती भाग कायमचा जातो, हे ठरवण्याआधी तो इतिहास माहीत असावा असं मला मनापासून वाटतं.

पांढरेशुभ्र दात म्हणजेच सुंदर दात, ही समजूत आपल्याकडे कायम एवढी पक्की नव्हती. कवितेत दातांना कुंदकळ्यांची उपमा होतीच, पण जुन्या मराठी घरांत बायका दातवण लावून दात मुद्दाम काळे करत आणि तो शृंगार मानला जाई. दातवणातलं हिरडा या औषधी फळाचं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, आणि लोहाचे क्षार एकत्र आले की गडद काळा रंग धरतो. मशेरी मात्र निराळी. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटायची आणि बोटाने दातांवर घासायची. दात साफ होतात या समजुतीने लावलेल्या मशेरीने डाग तर पडतातच, शिवाय व्यसन लागतं आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

राखुंडीने आणि कोळशाच्या पुडीने वेगळंच नुकसान केलं. दाताचं वरचं कवच, म्हणजे एनॅमल, बरंचसं पारदर्शक असतं. त्याच्याखालचं डेंटिन पिवळसर असतं. खरखरीत पुडीने कवच झिजलं की आतला पिवळेपणा अधिकच दिसतो, आणि माणूस आणखी जोर लावून घासतो. एनॅमल पुन्हा उगवत नाही. १९३७ साली कोलगेट भारतात आली. १९५२ साली केशव पेंढरकरांनी परळला विकोची सुरुवात केली आणि पुढे ठाणे जिल्ह्यात डोंबिवलीला कारखाना निघाला. ट्यूब आणि ब्रश घरोघरी जायला मात्र बरीच वर्षं लागली.

दंतवैद्यकाचं रीतसर शिक्षणही आपल्याकडे तसं उशिराचं. डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० साली कलकत्त्यात पहिलं दंत महाविद्यालय काढलं, मुंबईत नायर रुग्णालयाचं महाविद्यालय १९३३ सालचं, आणि व्यवसायाला कायद्याची चौकट मिळाली ती १९४८ च्या डेंटिस्ट्स ॲक्टने. त्या काळात दुखणारा दात काढणं हाच मुख्य उपचार होता. पुढच्या दाताला सोन्याची टोपी दिसली तर ती ऐपतीची खूण समजली जाई.

दिसण्यासाठी म्हणून दातांवर काही चढवायची कल्पना सिनेमाने आणली. १९३० च्या सुमारास हॉलिवूडमध्ये चार्ल्स पिंकस हे दंतवैद्य नटनट्यांच्या दातांवर पातळ पापुद्रे बसवत. ते कवळी चिकटवायच्या पावडरने लावलेले असत, त्यामुळे चित्रीकरण झालं की काढून ठेवावे लागत. बालतारका शर्ली टेम्पलचे दुधाचे दात पडत असताना तिच्यासाठीही असे पापुद्रे केले होते. अडचण एकच होती: दाताला काही कायमचं चिकटत नव्हतं.

ही कोंडी १९५५ साली मायकेल बुओनोकोरे या अमेरिकन दंतवैद्यांनी फोडली. धातूवर रंग नीट धरावा म्हणून कारखान्यांत फॉस्फोरिक आम्ल वापरतात, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी तेच एनॅमलवर लावून पाहिलं. त्यांचं लक्ष किडीपासून दात वाचवण्याकडे होतं, सौंदर्याकडे नव्हे. आजही खुर्चीत बसल्यावर हेच घडतं: दातावर निळसर जेल लावतात, काही सेकंदांनी धुतात, वाळवतात, आणि चकाकणारा दात तेवढ्याच जागी खडूसारखा पांढुरका दिसतो. तिथे सूक्ष्म छिद्रं झालेली असतात. त्यांत रेझिन, म्हणजे प्लास्टिकसारखं पातळ द्रव्य, शिरतं आणि निळ्या प्रकाशाखाली घट्ट होतं.

पुढचं सगळं या पकडीवर उभं राहिलं. राफाएल बोवेन या अमेरिकन संशोधकाच्या बिस-जीएमए नावाच्या रेझिनचं पेटंट १९६२ चं. त्यातून दाताच्या रंगाचं कॉम्पोझिट आलं, म्हणजेच आजचं बाँडिंग. तुटलेला कोपरा किंवा दोन दातांमधली फट त्याने भरता येते आणि दात फारसा कोरावा लागत नाही. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला हायड्रोफ्लोरिक आम्लाने पोर्सिलिनही खडबडीत करून चिकटवता येऊ लागलं आणि पिंकस यांच्या पापुद्र्यासारखं व्हिनिअर कायमचं झालं. त्यासाठी बहुधा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास दात घासून कमी करावा लागतो. ऐकायला किरकोळ वाटतं. पण पुढच्या दाताचं एनॅमल हिरडीजवळ जेमतेम तेवढंच जाड असतं. कॅपसाठी, म्हणजे अख्ख्या दातावर बसणाऱ्या टोपीसाठी, तर दात चहूबाजूंनी कमी करतात. निरोगी, फक्त थोड्या पिवळ्या दातांवर कॅप बसवणं मला अजिबात पटत नाही.

ब्लीचिंग म्हणजे रसायनाने दात उजळवणं. घरी दातांवर बसणाऱ्या ट्रेमधून करायचं ब्लीचिंग हेवूड आणि हेमन या अमेरिकन दंतवैद्यांनी १९८९ साली मांडलं, दहा टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड वापरून. अलायनर, म्हणजे वाकडे दात हळूहळू सरळ करणारे पारदर्शक साचे, १९९० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत बाजारात आले.

डागांचंही मूळ पाहावं लागतं. विदर्भ-मराठवाड्यातल्या काही भागांत विहिरी-बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असतं. तिथे लहानपण गेलेल्यांचे दात तपकिरी-चट्टेदार असू शकतात, आणि नोकरीसाठी नवी मुंबईत आल्यावर ते पहिल्यांदा खुपायला लागतात. दात घडत असताना घेतलेल्या टेट्रासायक्लिन या प्रतिजैविकाचा करडा पट्टाही आतलाच. असे डाग पॉलिशने जात नाहीत.

एमडीएस, म्हणजे दंतवैद्यकाच्या पदव्युत्तर पदवीच्या नऊ शाखांत ‘कॉस्मेटिक’ अशी शाखा नाही. ही कामं प्रामुख्याने प्रॉस्थोडॉन्टिक्स (कॅप, कवळी), कॉन्झर्व्हेटिव्ह (दात भरणं, वाचवणं) आणि ऑर्थोडॉन्टिक्सची (दात सरळ करणं), तेव्हा पाटीवरची पदवी वाचावी. नेरूळ, बेलापूर, खारघर, कामोठे इथे दंत महाविद्यालयं आहेत; तिथल्या ओपीडीत या शाखा एकाच इमारतीत भेटतात आणि दुसरं मत घेणं सोपं जातं.

क्रमही महत्त्वाचा. ब्लीचिंगने फक्त नैसर्गिक दात उजळतो, कॉम्पोझिट आणि पोर्सिलिन आहे त्याच रंगाचं राहतं. म्हणून ब्लीचिंग आधी करायचं. नंतर साधारण दोन आठवडे थांबायचं, कारण दातात उरलेला ऑक्सिजन रेझिनची पकड कमजोर करतो आणि रंगही तोवर स्थिरावत नाही. मग शेड जुळवून बाँडिंग किंवा व्हिनिअर.