या चौकटीत काय भरायचं?

अंध माणूस ऑनलाइन अर्ज कसा भरत असेल, असं विचारलं तर बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं: भरून घेत असेल कुणाकडून तरी. भावाकडून, शेजाऱ्याकडून, नाहीतर सायबर कॅफेत पैसे देऊन. पुष्कळदा तसं होतंही. पण अर्जात काय काय असतं ते आठवून पाहा. जन्मतारीख, उत्पन्न, आधार क्रमांक, आजारपण, बँकेचं खातं, पासवर्ड आणि शेवटी मोबाइलवर आलेला ओटीपी. दुसऱ्याच्या हातून अर्ज भरायचा म्हणजे हे सगळं त्याला सांगायचं, आणि त्याने काय टाइप केलं त्यावर विश्वास ठेवायचा. २०११च्या जनगणनेत दृष्टीचं अपंगत्व असलेल्यांची संख्या सुमारे ५० लाख नोंदली गेली आहे. इतक्या लोकांनी आपली खासगी माहिती कायम दुसऱ्याच्या हवाली करावी, हे मला मान्य होत नाही. आणि तशी गरजही नाही, कारण स्वतः अर्ज भरण्याचं साधन केव्हाच तयार झालं आहे.

ते साधन म्हणजे स्क्रीन रीडर. पडद्यावर जे आहे ते हे सॉफ्टवेअर बोलून दाखवतं आणि माऊसचं सगळं काम कीबोर्डवरून करता येतं. आयबीएममधले संशोधक जिम थॅचर यांनी विकसित केलेला डॉससाठीचा (विंडोजच्या आधीच्या, अक्षरांवर चालणाऱ्या प्रणालीसाठीचा) स्क्रीन रीडर १९८६ मध्ये आला. त्या काळी हे काम तुलनेने सरळ होतं. पडद्यावर फक्त अक्षरं असत आणि कोणत्या जागी कोणतं अक्षर आहे हे कॉम्प्युटरच्या स्मृतीत जसंच्या तसं लिहिलेलं असे. तिथून उचलायचं आणि बोलायचं. विंडोज आलं आणि पडदा ठिपक्यांचं चित्र झाला. चित्रात ‘आ’ दिसतो, पण तिथे ‘आ’ आहे असं कुठे लिहिलेलं नसतं. मग स्क्रीन रीडर बनवणाऱ्यांनी पडद्यावर काय काय काढलं जातंय यावर पाळत ठेवून स्वतःची एक समांतर नोंद ठेवायला सुरुवात केली. १९७८च्या मोटार अपघातात दृष्टी गेलेले टेड हेंटर हे आधी मोटरसायकल शर्यतींतले स्वार होते. त्यांच्या कंपनीचा ‘जॉज’ हा स्क्रीन रीडर १९८९ मध्ये डॉसवर आणि १९९५ मध्ये विंडोजवर आला.

पाळत ठेवण्यापेक्षा प्रोग्रॅमनेच आपल्यात काय आहे ते सांगावं, ही कल्पना १९९७ पासून विंडोजमध्ये रुजली आणि आजही सगळा डोलारा तिच्यावरच उभा आहे. आपण एखादं वेबपान उघडतो तेव्हा ब्राउजर त्याची दोन रूपं तयार करतो. एक रंगीत, डोळ्यांसाठीचं. दुसरं न दिसणारं, ॲक्सेसिबिलिटी ट्री नावाचं. या दुसऱ्या रूपात रंग आणि नक्षी काही नसते. प्रत्येक घटकाचं नाव काय, तो कोणत्या प्रकारचा, त्यात आत्ता काय भरलंय आणि त्याची अवस्था काय, एवढंच असतं. स्क्रीन रीडर हे वाचतो. म्हणून चांगल्या अर्जात टॅब, म्हणजे पुढच्या चौकटीवर नेणारी कळ, दाबली की ऐकू येतं: ‘आडनाव, एडिट, रिक्वायर्ड, ब्लँक.’ आडनाव हे नाव, एडिट म्हणजे टाइप करायची चौकट, रिक्वायर्ड म्हणजे भरणं सक्तीचं, ब्लँक म्हणजे अजून रिकामी. अर्ध्या सेकंदात सगळा पत्ता लागला.

वाईट अर्जात ऐकू येतं: ‘एडिट, ब्लँक.’ पुढची टॅब, पुन्हा ‘एडिट, ब्लँक.’ अशा दहा चौकटी ओळीने येतात आणि कोणत्या चौकटीत काय भरायचं ते कळायला मार्ग नसतो. पडद्यावर तर ‘आडनाव’ हा शब्द चौकटीच्या अगदी शेजारी ठळक छापलेला असतो. मग गडबड कुठे झाली? स्वयंपाकघरात डब्यांवरच्या चिठ्ठ्या डब्यांना न चिकटवता मागच्या भिंतीला चिकटवल्या, तर बघणाऱ्याला काही अडत नाही. डबा उचलून हातात घेणाऱ्याला मात्र त्यात काय आहे ते कळत नाही. इथेही शब्द आणि चौकट जवळ आहेत, पण जोडलेले नाहीत. जोडण्यासाठी कोडमध्ये शब्दाला ‘लेबल’ म्हणून घोषित करायचं आणि ते कोणत्या चौकटीचं आहे हे तिच्या आयडीने, म्हणजे कोडमधल्या ओळखनावाने, सांगायचं, इतकंच लागतं. एका चौकटीमागे काही अक्षरांचं काम. आणि त्याचा फायदा सगळ्यांना होतो, कारण जोडलेल्या शब्दावर बोट ठेवलं तरी चौकट निवडली जाते. मोबाइलवर थरथरत्या हाताने बारीक चौकोनावर नेम धरणाऱ्या आजोबांना विचारा.

हे काम किती ठिकाणी राहून जातं? अमेरिकेतल्या युटा स्टेट विद्यापीठातली वेबएम ही संस्था २०१९ पासून दरवर्षी दहा लाख संकेतस्थळांची मुखपृष्ठं तपासते. त्यांतल्या जवळपास निम्म्या पानांवर बिननावाच्या चौकटी सापडतात.

काही जण चौकटीच्या आतच फिकट अक्षरांत ‘तुमचं नाव लिहा’ असं लिहून काम भागवतात. टाइप करायला लागलं की ती अक्षरं गायब होतात, आणि मागे वळून तपासणाऱ्याला, मग तो डोळस असो की अंध, चौकट कशाची होती ते आठवावं लागतं. ही पद्धत सुटसुटीत दिसते म्हणून लोकप्रिय झाली. माझ्या मते ती सोडून द्यावी.

आता प्रत्यक्ष भरण्याकडे येऊ. भारतात बऱ्याच जणांकडे एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर असतो. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन यांनी २००६ मध्ये तो लिहायला घेतला आणि जेम्स टेह त्यांना येऊन मिळाले. दोघेही अंध. व्यावसायिक स्क्रीन रीडरच्या किमती परवडत नाहीत म्हणून त्यांनी तो मोफत आणि मुक्त ठेवला.

एनव्हीडीएने वेबपान वाचताना कीबोर्डचे दोन स्वभाव असतात आणि नवशिक्याची सर्वांत जास्त दमछाक इथे होते. ब्राउज मोडमध्ये अक्षरांच्या कळा टाइप करत नाहीत, त्या उड्या मारतात. एच दाबली की पुढचं शीर्षक, एफ दाबली की अर्जातला पुढचा घटक, ई म्हणजे टाइप करायची चौकट, सी म्हणजे कॉम्बो बॉक्स (उघडणारी यादी), एक्स म्हणजे चेक बॉक्स (खूण करायचा चौकोन), आर म्हणजे रेडिओ बटण (अनेकांतून एकच निवडायचा पर्याय), बी म्हणजे बटण. सोबत शिफ्ट धरली की उलट्या दिशेने. फोकस मोडमध्ये मात्र तीच ई कळ चौकटीत ‘ई’ लिहिते. टॅबने चौकटीत शिरलं की एनव्हीडीए आपोआप फोकस मोडमध्ये जातो आणि एक छोटासा आवाज करून तसं कळवतो. स्वतः बदलायचं असेल तर एनव्हीडीए कळ (सहसा इन्सर्ट) आणि स्पेस एकत्र दाबायची. तो छोटा आवाज कानाने टिपला नाही तर नाव टाइप करताना पान भलतीकडेच उड्या मारू लागतं.

टॅबचा एक सापळा तर अनुभवी माणसालाही चकवतो. टॅब फक्त चौकटी, बटणं आणि लिंक यांच्यावर थांबते. त्यांच्या मधला साधा मजकूर ती ओलांडून जाते. ‘नाव दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणेच लिहावे’ किंवा ‘फोटो ५० केबीपेक्षा मोठा नसावा’ अशा सूचना याच मजकुरात असतात. टॅब-टॅब करत भराभर अर्ज भरणाऱ्याला त्या ऐकूच येत नाहीत. म्हणून जाणकार आधी ब्राउज मोडमध्ये खालच्या बाणाने सगळा अर्ज एकदा वरपासून खालपर्यंत ऐकतात, मगच वर येऊन भरायला घेतात. बनवणाऱ्याने ती सूचना चौकटीला वर्णन म्हणून कोडमध्ये जोडली असेल, तर चौकटीत शिरताच नावापाठोपाठ तीही ऐकू येते आणि ही दुहेरी फेरी वाचते.

रेडिओ बटणांच्या गटात टॅब एकदाच शिरते, आत बाणांनी फिरायचं. चेक बॉक्सवर स्पेस दाबायची. ‘हो’ आणि ‘नाही’ असे दोन पर्याय ऐकू आले आणि प्रश्नच ऐकू आला नाही, तर समजावं की पर्याय प्रश्नाशी गटाने बांधलेले नाहीत. असं प्रतिज्ञापत्राच्या भागात झालं तर चुकीचं उत्तर महागात पडू शकतं.

आपल्याकडचा खास अडथळा म्हणजे जिल्हा, तालुका, गाव अशी एकातून एक उघडणारी यादी. जिल्हा निवडला की तालुक्यांची यादी मागाहून भरली जाते. पडद्यावर गोल फिरणारं चिन्ह दिसतं, कानाला काहीच कळत नाही. माणूस पुढे जातो तर यादी रिकामी. ‘तालुके आले’ एवढं वाक्य पानाच्या घोषणा करणाऱ्या भागात टाकलं तर स्क्रीन रीडर ते आपणहून बोलतो, फोकस (कीबोर्ड आत्ता ज्या घटकावर आहे ती जागा) न हलवता. काही अर्जांत तर यादीत बाणाने फिरू लागताच पहिलाच जिल्हा निवडला जातो आणि पान नव्याने उघडतं. यावर वापरणाऱ्यांची युक्ती आहे: आधी ऑल्ट आणि खालचा बाण दाबून यादी पूर्ण उघडायची, हवा तो जिल्हा आला की एंटर.

जन्मतारखेसाठी फक्त माऊसने चालणारं कॅलेंडर देणं तर कुणाच्याच सोयीचं नाही. १९६८ साली जन्मलेल्या माणसाला महिना महिना मागे जात तिथवर पोचावं लागतं. दिवस, महिना, वर्ष टाइप करायच्या तीन साध्या चौकटी याहून कितीतरी चांगल्या.

अर्ज पाठवला आणि चूक निघाली की चौकटीची कड लाल होते. लाल रंग ऐकू येत नाही. बटण दाबूनही काहीच घडलं नाही, एवढंच माणसाला कळतं. नीट बनवलेला अर्ज फोकस थेट पहिल्या चुकलेल्या चौकटीवर नेतो आणि ‘मोबाइल क्रमांक, इनव्हॅलिड एंट्री, दहा आकडे हवेत’ असं ऐकवतो. मग वाकडीतिकडी अक्षरं ओळखायचा कॅपचा असतो. त्याचा बोलका पर्याय दिला तरी त्याच्यावर स्क्रीन रीडरचा स्वतःचा आवाज चढतो. वेळेची मर्यादाही जाचते. वेबसाठीच्या आंतरराष्ट्रीय निकषांप्रमाणे वेळ संपण्याआधी सूचना देऊन ती साध्या कृतीने वाढवायला निदान २० सेकंद द्यायला हवेत.

बँकेसाठी ओळख पटवताना ‘कॅमेऱ्याकडे पाहून डोळे मिचकावा’ असं सांगितलं जातं, तेव्हा कीबोर्डचं कौशल्य काही कामाला येत नाही. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या काही व्यक्ती आणि एक अंध व्यक्ती हा प्रश्न घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेले. ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने निकाल दिला की डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि वीस निर्देश दिले. त्याआधी नोव्हेंबर २०२४ मध्ये याच न्यायालयाने २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याखालचा सुगम्यतेचा नियम, तो फक्त शिफारशीच्या स्वरूपाचा असल्याने, कायद्याशी विसंगत ठरवला आणि सक्तीचे नियम करायला सांगितलं होतं.

मराठी अर्जाच्या अडचणी थोड्या वेगळ्या आहेत. कितीतरी जुने नमुने युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेले आहेत. पडद्यावर ‘अर्जदाराचे नाव’ दिसतं, पण आत साठवलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं, आणि स्क्रीन रीडर तीच वाचतो. कानावर अर्थहीन आवाजांचा मारा होतो. स्कॅन करून चढवलेला पीडीएफ तर नुसता फोटो असतो, त्यात टाइप करायला चौकटच नसते. आणि पान मराठी आहे हे कोडमध्ये सांगितलेलं नसेल तर इंग्रजी आवाज देवनागरी मजकुरावर अडखळतो किंवा गप्प बसतो.

टाइप करण्याच्या बाबतीत मात्र आपल्याकडे चांगली सोय आहे. इनस्क्रिप्ट मांडणीत डाव्या हाताला स्वर आणि उजव्या हाताला व्यंजनं असतात. क आणि ख एकाच कळीवर, ग आणि घ एकाच कळीवर, शिफ्ट धरली की महाप्राण. मात्रा आणि तिचा पूर्ण स्वरही एकाच कळीवर. बाराखडी पाठ असलेल्या माणसाच्या बोटांना ही रचना लवकर सापडते, कीबोर्ड बघायची गरज पडत नाही. खरी परीक्षा लिहिलेलं तपासताना होते. ‘मिलिंद’ आणि ‘मिलींद’ कृत्रिम आवाजात जवळजवळ सारखेच ऐकू येतात, आणि आधारवरच्या नावाशी एक वेलांटी जुळली नाही तर अर्ज परत येऊ शकतो. म्हणून बाणाने एकेक अक्षर ऐकावं लागतं. इंग्रजी नावात बी की डी असा संशय आला, तर अक्षर वाचणारी कळ लागोपाठ दोनदा दाबायची. मग ‘ब्राव्हो’ किंवा ‘डेल्टा’ असं स्पष्ट उत्तर मिळतं.

हे सगळं फार वेळखाऊ असणार असं वाटेल, पण सरावलेला कान विलक्षण वेगाने ऐकतो. जर्मनीतल्या ट्युबिंगेन विद्यापीठातल्या संशोधकांनी सरावलेल्या अंध श्रोत्यांचा अभ्यास केला. त्यांतले काही जण सेकंदाला सुमारे २२ अक्षरावयव (सिलेबल) इतक्या वेगाचं बोलणं समजू शकत होते. सराव नसलेल्यांची समज सुमारे आठावरच थकते. त्या वेळी या श्रोत्यांच्या मेंदूतला, एरवी दृष्टीचं काम करणारा भागही ऐकण्यात सामील झालेला दिसला. अशा माणसाला नीट बनवलेला दोन पानांचा अर्ज भरायला फारसा वेळ लागत नाही. वेळ जातो तो बिननावाच्या चौकटींचे अंदाज बांधण्यात.

अर्ज बनवणाऱ्याला हे तपासायला एक संध्याकाळ पुरते. एनव्हीडीए मोफत आहे, तो उतरवून घ्यावा. त्याच्या साधनांमध्ये स्पीच व्ह्यूअर नावाची खिडकी आहे. बोललेला प्रत्येक शब्द तिथे अक्षरांत उमटतो, त्यामुळे न सरावलेल्या कानालाही काही निसटत नाही. माऊस बाजूला ठेवून आपलाच अर्ज पहिल्या चौकटीपासून पोचपावतीपर्यंत भरावा, एकदा मुद्दाम मोबाइल क्रमांक चुकवावा, आणि खिडकीत जिथे जिथे नुसतं ‘एडिट, ब्लँक’ आलं असेल त्या ओळी उतरवून घ्याव्यात. दुसऱ्या दिवशीच्या दुरुस्त्यांची यादी तीच.