विसार आणि अ‍ॅडव्हान्स: घराच्या कामात दोन्ही एक नाहीत

बाथरूम फोडायला काढलं की ही तक्रार कुणाच्या ना कुणाच्या तोंडून ऐकू येतेच: "सत्तर हजार अ‍ॅडव्हान्स दिला, काम अर्धवट टाकून गेला, आता म्हणतो अ‍ॅडव्हान्स परत मिळत नसतो." आणि आजूबाजूचे जाणकार माना डोलावतात, हो, अ‍ॅडव्हान्स तो गेलाच. नाही जात. जातो तो विसार, आणि तोही दर वेळी नाही.

विसार सगळ्यांना माहीत आहे. प्लॉट, फ्लॅट, लग्नाचा हॉल. थोडी रक्कम हातावर ठेवायची, समोरच्याने दुसऱ्या कुणाला शब्द द्यायचा नाही. आपण मागे फिरलो तर रक्कम बुडाली, तो फिरला तर त्याने परत करायची. घराच्या कामात यालाच टोकन म्हणतात. गणपती किंवा दिवाळीच्या तोंडावर चांगला पेंटर हवा असेल तर टोकन द्यावंच लागतं, कारण त्या दिवसांत त्याच्या तारखांनाच किंमत असते. ६० हजारांच्या रंगकामाला २ हजार टोकन मागितलं तर माझी काही हरकत नाही.

अ‍ॅडव्हान्स म्हणजे कामाच्या किमतीचाच आधी दिलेला भाग. पाइप, सिमेंट, टाइल्स, प्लाय आणायला, नाहीतर कारागिरांच्या आठवड्याच्या खर्चीला. रोख दिले की यूपीआयने, पावती छापील की वहीच्या कागदावर, याने दोहोंत फरक पडत नाही. सोसायटी फर्निचरच्या कामाआधी घेते ते डिपॉझिट तर तिसरंच. त्याचा ठेकेदाराच्या हिशेबाशी संबंध नाही.

घोळ होतो तो यामुळे, की काम नीट पार पडलं तर दोन्ही रकमा शेवटच्या बिलात सारख्याच वळत्या होतात. टोकन वजा, अ‍ॅडव्हान्स वजा, उरलेले द्या. त्यामुळे दहा कामं करून घेतलेल्या माणसालाही दोन्ही एकच वाटतात. फरक दिसतो तो काम मोडल्यावरच, आणि तेव्हा तो मोठा असतो. विसार म्हणजे दिलेला शब्द पाळण्याचं तारण, म्हणून शब्द मोडणाऱ्याचा तो जाऊ शकतो. अ‍ॅडव्हान्स हे न झालेल्या कामाचे पैसे आहेत. काम झालं नाही तर ते धरून ठेवायला आधारच उरत नाही. तिथे फक्त हिशेब होतो.

हे माझं मत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली फतेह चंद विरुद्ध बालकिशन दास या खटल्यात हीच रेघ ओढली आहे. व्यवहार दिल्लीतल्या एका बंगल्याचा होता. १ हजार रुपये विसार म्हणून दिले होते आणि पुढे २४ हजार किमतीपोटी. सौदा फिसकटला. हजार रुपये विक्रेत्याकडे राहिले. २४ हजार मात्र विसार नाहीत, करारात जप्तीचं कलम आहे एवढ्यावर ते गिळता येणार नाहीत, असं न्यायालयाने सांगितलं. करार कायदा १८७२ चं कलम ७४ म्हणतं की भरपाईचा आकडा आधी लिहून ठेवला असला, तरी मिळते ती वाजवी भरपाई, आणि तो आकडा ही तिची कमाल मर्यादा. घरविक्रीचा कायदा मिस्त्रीला कशाला लावता, असं विचारणारे भेटतात. करार कायदा बंगल्यालाही तोच आणि बाथरूमलाही तोच.

आता सत्तर हजारांचंच बघू. समजा ठेका १ लाख ८० हजारांचा. गडी येऊन जुन्या टाइल्स फोडून गेले: मजुरी १२ हजार. राडारोडा उचलायला टेम्पो: ४ हजार. जागेवर आणून टाकलेले पाइप आणि फिटिंग: ९ हजार. झाले २५. मग ठेकेदाराचा फोन लागेनासा झाला. उरलेले ४५ हजार तुमचे आहेत, आणि तेच काम दुसऱ्याकडून पुरं करून घ्यायला जास्त लागले, तर तो फरकही कलम ७३ खाली मागता येतो. "गेलेच" म्हणून गप्प बसणारा माणूस या ४५ हजारांवर पाणी सोडत असतो.

उलट बाजूही तितकीच खरी, आणि ती सांगितली की घरमालक चिडतात. काम तुम्हीच थांबवलंत, तर पूर्ण अ‍ॅडव्हान्स परत मागायचा तुम्हाला हक्क नाही. न उघडलेला प्लाय बहुतेक वेळा दुकानात परत जातो, त्याचे पैसे मागा. पण तुमच्या ओट्याच्या मापाने कापलेला, सिंकचं भोक पाडलेला ग्रॅनाइट दुसऱ्या कुणाच्या स्वयंपाकघरात बसत नाही. स्लायडिंगच्या खिडक्यांच्या फ्रेमचंही तेच. तो खर्च ठेकेदाराने तुमच्याकडून वसूल केला तर त्याने लूट केली असं म्हणू नये.

मला सगळ्यात खटकते ती "पन्नास टक्के आधी" ही पद्धत. मोजमापही झालेलं नसताना निम्मे पैसे कशाचे? त्यातून माल घ्यायचा असेल तर दुकानदाराला आपण थेट पैसे द्यावेत आणि बिल आपल्या नावावर घ्यावं. ठेकेदार कुरकुरतो, कारण दुकानातलं त्याचं कमिशन बुडतं; कुरकुरू द्यावं. मजुरीच्या आगाऊ पैशांत आठवड्याच्या खर्चीपलीकडे मी एक रुपया देणार नाही. पुढचा हप्ता काम बघून: वॉटरप्रूफिंगनंतर पाणी साठवून ठेवलं, खालच्या घराच्या छताला ओल आली नाही, तर.

आणि "ओळखीचाच आहे, लिहून काय घ्यायचं" हे तर बंदच करा. वकील लागत नाही. पैसे पाठवल्यावर लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळी: "२ हजार तारखेच्या टोकनचे. २५ हजार पाइप आणि वॉटरप्रूफिंगच्या मालाचे अ‍ॅडव्हान्स, बिलात वजा होतील, काम न झाल्यास हिशेब करून बाकी परत." समोरून "ओके दादा" आलं की पुढे दाखवायला काहीतरी हातात असतं.

तरीही पैसे अडकले तर पोलीस चौकीत बहुतेकदा "दिवाणी मामला आहे" हेच ऐकायला मिळेल. घरच्या कामासाठी ठेकेदार लावणारा हा ग्राहक असतो. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंतच्या कामाला तिथे फी नाही, वकील सक्तीचा नाही, आणि तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत असते.