तीन वर्षांची ट्रायल, दहा वर्षांचा अंदाज

जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठल्याही कॅन्सर ओपीडीत जाऊन बसा, तंबाखू-गुटख्याने तोंड आखडलेले पेशंट भरपूर दिसतील, आणि बायोप्सीचा रिपोर्ट हातात पडला की घरचे डॉक्टरांना फिरून फिरून एकच विचारतात, "साहेब, आप्पाना आते कितला दिन शेतस?" डॉक्टर जो आकडा सांगतात तो ते मनाने सांगत नाहीत. तो ट्रायलमधून, म्हणजे औषध पेशंटांना देऊन ते किती जगतात हे बघणाऱ्या अभ्यासातून, आलेला असतो. पण ट्रायल चालते दोन-तीन वर्षं आणि माणसाला विचारायचं असतं पुढच्या दहा वर्षांचं, मग ही मधली दरी भरतात कशी, ते नीट समजून घेण्यासारखं आहे.

आधी ट्रायलच्या आतलं बघू. समजा १० पेशंट आहेत. दुसऱ्या महिन्यात एक वारला, राहिले ९. मग पाचव्या महिन्यापर्यंत तिघांचा संपर्क तुटला, म्हणजे शहादा-तळोद्याकडचे लोक ऊसतोडीला गुजरातेत जातात, नंबर बदलतो, फॉलोअपला कोणी येत नाही, असं काहीतरी. राहिले ६. सहाव्या महिन्यात त्यातले दोघं वारले. आता सहा महिन्यांनी किती टक्के लोक जगले? गायब तिघांना मेलेलं धरलं तर ४० टक्के, जिवंत धरलं तर ७० टक्के. दोन्ही चुकीचं, कारण आपल्याला त्यांचं माहितीच नाही.

यावरचा उपाय १९५८ साली एडवर्ड कॅप्लन आणि पॉल मायर या दोघांनी एकत्र छापला. दोघं वेगवेगळे काम करत होते, मायर कॅन्सरच्या पेशंटांवर आणि कॅप्लन बेल लॅबमध्ये समुद्राखालच्या टेलिफोन केबलमधल्या व्हॅक्यूम ट्यूब किती दिवस टिकतात यावर, आणि गणित निघालं एकच! त्यांची पद्धत अशी की प्रत्येक मृत्यूच्या वेळी 'आत्ता आपल्या नजरेखाली किती जण आहेत' एवढंच विचारायचं. पहिल्या मृत्यूला १० पैकी ९ वाचले, म्हणजे ०.९. पुढच्या वेळी नजरेखाली ६, त्यातले ४ वाचले. दोन्हींचा गुणाकार केला की ०.९ × ४/६ = ०.६, म्हणजे ६० टक्के. गायब झालेला माणूस जितके महिने दिसला तितके महिने हिशोबात धरला, नंतर सन्मानाने बाजूला केला. मला ही फार सुंदर युक्ती वाटते, कारण तिच्यात कोणाचीही माहिती वाया जात नाही आणि कोणाबद्दल खोटंही सांगावं लागत नाही.

या पायऱ्या-पायऱ्यांच्या ग्राफला कॅप्लन-मायर कर्व्ह म्हणतात. कोणी असा ग्राफ दाखवला तर उजवीकडच्या टोकाला बघताना खाली बारीक आकडे छापलेत का ते बघा, त्या त्या वेळी किती पेशंट नजरेखाली उरले त्याचे. सुरुवातीला ३०० आणि टोकाला ४ असतील तर तिथे एक माणूस गेला तरी रेघ धाडकन खाली येते. त्या टोकावर भरवसा ठेवायचा नाही.

आणि नेमकं त्या टोकाच्या पुढचंच हवं असतं. सरकारी योजनेत महागडं औषध घ्यायचं का हे ठरवताना एका पेशंटला सरासरी किती वर्षं जास्त मिळाली हे लागतं, आणि सरासरी काढायची तर ती रेघ शून्यापर्यंत न्यावी लागते. ब्रिटनमध्ये नाइस नावाची संस्था हेच काम करते, आपल्याकडेही केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागात त्यासाठी यंत्रणा आहे. मग रेघेला एखादं सूत्र बसवतात आणि ते पुढे ओढतात.

सगळ्यात सोपं सूत्र म्हणजे मरणाचा धोका दर महिन्याला तेवढाच राहतो असं धरणं. दुसरं वायबुल या स्वीडिश इंजिनिअरच्या नावाचं, त्यात धोका काळाप्रमाणे वाढतो किंवा घटतो. अजून बरीच आहेत, आणि गंमत अशी की ट्रायलच्या काळात त्यातली बरीचशी साधारण सारखीच बसतात, फाटे फुटतात ते नंतर.

किती फाटे, ते एका खऱ्या औषधावरून बघा. इपिलिम्युमॅब हे मेलानोमा नावाच्या त्वचेच्या कॅन्सरवरचं इम्युनोथेरपीचं औषध, म्हणजे शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती कॅन्सरवर सोडणारं. २०१५ मध्ये १८६१ पेशंटांचा एकत्र डेटा छापून आला. निम्मे पेशंट साडेअकरा महिन्यांच्या आतच गेले होते. याला मीडियन म्हणतात आणि घरच्यांना सहसा हाच आकडा सांगितला जातो. आता धोका कायम तेवढाच धरून हिशोब केला तर तीन वर्षांनी ११ टक्के उरायला हवेत आणि दहा वर्षांनी हजारात एकही नाही. प्रत्यक्षात तीन वर्षांच्या सुमारास रेघ २१ टक्क्यांच्या आसपास सपाट झाली आणि पुढे जवळपास दहा वर्षांपर्यंत तशीच राहिली!! म्हणजे पाचातला एक माणूस त्या सोप्या सूत्राने कागदावर मारूनच टाकला असता.

अशा वेळी 'क्युअर मॉडेल' वापरतात, म्हणजे पेशंटांमध्ये दोन गट मिसळलेत, काहींचा आजार आता त्यांना मारणार नाही आणि काहींचा मारेल, असं धरून दोन्हींचं प्रमाण काढायचं. बोग या शास्त्रज्ञाने १९४९ मध्येच ही वाट दाखवली होती. पण ट्रायल छोटी असेल आणि रेघ नुसती योगायोगाने सपाट दिसत असेल तर हे मॉडेल नसलेली आशा दाखवतं, म्हणून लांबचा फॉलोअप पाहिजेच. शिवाय बरा झालेला माणूस अमर होत नाही, साठीतल्या माणसाला हार्ट अटॅक, शुगर, म्हातारपण आहेच. सूत्राप्रमाणे कॅन्सरच्या पेशंटचा धोका त्याच वयाच्या शेजाऱ्यापेक्षा कमी निघाला तर सूत्र चुकलं म्हणायचं आणि त्यातला धोका त्या वयाच्या सर्वसामान्य लोकांच्या मृत्युदराखाली जाऊ द्यायचा नाही.

आपल्या भागाचं म्हणून एक दुखणं आहे. कॅप्लन-मायरमध्ये एक अट दडलेली आहे की गायब झालेला माणूस बाकीच्यांसारखाच असतो. पण मुंबईला टाटाला जायचं म्हणजे रात्रभराची गाडी, सोबत एक माणूस, बुडलेली मजुरी, त्यामुळे तब्येत जास्त बिघडली की लोक जाणंच सोडतात. म्हणजे गायब होणारे जास्त आजारी असू शकतात आणि मग तो ६० टक्क्यांचा आकडा खऱ्यापेक्षा गोड निघतो. याला कुठलंही सूत्र पुरं पडत नाही. टाटामध्येच डोकं-मान-तोंडाच्या पसरलेल्या कॅन्सरवर निवोल्युमॅब या इम्युनोथेरपीच्याच औषधाचा अगदी कमी डोस, २० मिलिग्रॅम, स्वस्तातल्या केमोच्या गोळ्यांसोबत देऊन बघितला, एका वर्षाने जगलेल्यांचं प्रमाण १६ वरून ४३ टक्क्यांवर गेलं. आपल्या लोकांसाठी फार मोठी गोष्ट आहे ही, आणि पाच वर्षांनी त्यातले किती राहतात हे कळायला त्या पेशंटांच्या घरचे फोन लागावे लागतील.

म्हणून हॉस्पिटलमधून वर्षा-दोन वर्षांनी फोन आला तर उचलाच, माणूस गेला असेल तरी सांगा. वरच्या त्या दहा जणांत गायब तिघांमुळे उत्तर ४० ते ७० टक्क्यांत कुठेही असू शकत होतं. त्यातल्या एकाच घरचा फोन लागला आणि तिथला पेशंट सहा महिन्यांनंतर जिवंत होता असं कळलं तर ते ५० ते ७० होतं, आणि त्या आत वारला असं कळलं तर ४० ते ६०.